माझी जाऊ, सगळ्यांची सिस्टर

सिस्टरला हळू बोलता येत नसे. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण काही गोष्टी हळू बोलायच्या असतात हेच तिच्या गावी नव्हतं. मूळव्याध, पाळी, अंगावरून जाणं, नवऱ्याचं पिऊन येणं, सगळं ती एकाच पट्टीत विचारायची. आमच्या ओट्यावर एखादी बाई पदरात तोंड घालून काहीतरी पुटपुटत असायची आणि सिस्टर विचारायची, "खाज येते का? कुठे येते? नीट सांगा." मी आत पोळ्या लाटत असायचे आणि लाजेनं माझेच कान गरम व्हायचे. त्या बाईला मात्र काही वाटत नसे. उलट ती चहा पिऊन, मोकळी होऊन घरी जायची. जाताना मला म्हणायची, "मॅडम, तुमची जाऊ म्हणजे सोनं आहे हो." मी "हो ना" म्हणायचे आणि तव्यावरची पोळी करपवायचे.

सिस्टर म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्या आधी कितीतरी वर्षं मी या घरात सून म्हणून आले. जळगावच्या शाळेत मराठी शिकवते, नशिराबादहून रोज ये-जा करते, संध्याकाळी घरी गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेते. निम्म्या गावाची मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. रस्त्यात मी दिसले की लोक अजूनही उठून उभे राहतात. सिस्टर दिसली की तेच लोक तिला बसायला जागा करून द्यायचे. या दोन्हीतला फरक मला ती घरात आल्यावर कळला आणि तेव्हापासून तो मला टोचतो आहे.

तिला हे नाव पडलं तेही तिच्याच लग्नात. मे महिन्यातलं लग्न, खानदेशातलं ऊन, मंडपात पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. अक्षता पडल्या आणि आमच्या एका मावशी खुर्चीवरून घसरून खाली पडल्या. लोक "पाणी आणा, कांदा आणा" म्हणून ओरडत होते. नवरी बोहल्यावरून उतरली, मुंडावळ्या कानामागे सारल्या, मावशींचे पाय उचलून पाटावर ठेवले आणि भोवतीच्या गर्दीला म्हणाली, "सरका. हवा येऊ द्या. मी नर्स आहे." मावशी शुद्धीवर आल्या त्या "सिस्टर, सिस्टर" करतच. तेच नाव राहिलं. माझे दीर तिला सिस्टर म्हणायचे, माझी मुलं सिस्टरकाकू म्हणायची. माझ्या लग्नातलं लोकांना काय आठवतं, तर जिलेबी कमी पडली होती.

आमच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांचं माहेर दोंडाईच्याकडचं, त्यामुळे सगळा जन्म इकडे काढूनही त्या अहिराणीच बोलतात. मी सून म्हणून आले तेव्हा माझ्याशी मात्र शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. मास्तरीण सून, चुकायला नको. सिस्टर आली तिच्या दुसऱ्याच दिवशी तिला म्हणाल्या, "वं पोरी, इकडे ये, मना गुडघा देख." मी इतकी वर्षं ज्या भाषेची वाट पाहत होते ती तिला एका दिवसात मिळाली. सिस्टर जळगावच्याच एका मोठ्या दवाखान्यात होती. दिवसभर उभं राहून आली तरी अक्कांचे गुडघे चोळून द्यायची आणि वर त्यांना दटावायची, "अक्का, वजन कमी करा. मी काय जन्मभर चोळत बसू?" असं मी बोलले असते तर घरात आठवडाभर कुणी तोंड उघडलं नसतं. तिला मात्र अक्का हसून म्हणायच्या, "चोळशी, चोळशी. कुठे जाशी?"

हे असं चाललं होतं आणि संक्रांतीच्या सुमारास ती गोष्ट घडली. त्या संध्याकाळी भरीत केलं होतं, उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरी होत्या, सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. सिस्टर नेहमीपेक्षा उशिरा आली. हातपाय धुऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "आधी एक सांगते, मग वाढा. आज मला सुई टोचली. वापरलेली. त्या पेशंटला एचआयव्ही आहे."

माझ्या यजमानांचा घास हातातच राहिला. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिच्या हाताकडे पाहिलं. बोटाला साधी पट्टीसुद्धा नव्हती.

मग तिनं सगळं सांगितलं. अपघात विभागात एक बाई आली होती. तापानं फणफणलेली, बेशुद्धीत हातपाय झाडणारी. आजार तिला आधीपासून होता, पण नवरा गेल्यावर तिनं औषधं सोडून दिली होती. सिस्टर रक्त घेत होती आणि सुई बाहेर काढताना त्या बाईनं हात झटकला. सुई हातमोज्यातून सिस्टरच्या बोटात गेली. "लगेच साबणानं धुतलं, वाहत्या पाण्याखाली. डॉक्टरांना सांगितलं. गोळी तिथेच घेतली. आता महिनाभर रोज एक घ्यायची. असं झालं की लवकरात लवकर सुरू करावी लागते, तीन दिवस उलटून गेले तर मग उपयोग नाही. मी तर तासाभरात घेतली. होण्याची शक्यता तशीही कमीच असते, गोळीनं आणखी कमी होते. दीड महिन्यानं एक तपासणी, तीन महिन्यांनी एक. झालं सांगून. आता वाढा, भूक लागली आहे."

कुणीच वाढेना. मी हातात भाकरी घेऊन उभी होते. मला वाटलं, आता या घरात काहीतरी बिनसणार. अक्का जुन्या वळणाच्या. त्यांच्या माठातलं पाणीसुद्धा दुसऱ्या कुणी घेतलेलं त्यांना चालत नसे. त्यांनी सिस्टरला विचारलं, "ताटथून व्हस का हाई?"

"नाही अक्का. ताटानं नाही, पाण्यानं नाही, हात लावल्यानं नाही."

"मंग आठे ये. मना जोडे बस." आणि अक्कांनी आपलं ताट पुढे सरकवलं. "तू मना ताटमा जेव."

त्या दोघी एका ताटात जेवल्या. अक्का तिला भरवत होत्या आणि ती "पुरे, पुरे" म्हणत होती. माझ्या दोन्ही बाळंतपणांत अक्कांनी माझं सगळं केलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, कशातच कमी केलं नाही. पण आपल्या ताटात कधी बसवलं नाही. मी भाकरी त्यांच्या ताटात वाढली आणि आत जाऊन उगीचच चूल पुसत राहिले.

त्या महिन्यात मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो भाऊजींचा. म्हणजे त्यांच्यामुळे तिचा. भाऊजी जिनिंगमध्ये सुपरवायझर. अबोल माणूस, अंगावर कायम कापसाचे धागे. गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची असे. जेवण झालं की ते काही न बोलता पाण्याचा तांब्या आणि एक केळं तिच्यापुढे आणून ठेवायचे आणि ती गोळी गिळेपर्यंत तिथेच उभे राहायचे. सकाळी तिला मळमळायचं, कधी उलटी व्हायची. भाऊजी मोरीपाशी तिची वेणी हातात धरून उभे असायचे. मला टायफॉईड झाला होता तेव्हा आमच्या ह्यांनी काळजीनं काय विचारलं होतं? "उद्या डबा कोण करेल?" ह्यांचं माझ्यावर प्रेम नाही असं मी म्हणत नाही. पण वेणी धरणारा माणूस वेगळा असतो, हे मी रोज सकाळी चहा गाळताना बघत होते.

दोघांना मूल हवं होतं, त्या वर्षी त्यांनी ते ठरवलंही होतं. आता तपासण्या होईपर्यंत थांबायचं होतं. माणसांत ही गोष्ट निघायचीच. हळदीकुंकवाला आलेल्या लग्नातल्या त्याच मावशींनी विचारलं, "काय गं सिस्टर, पाळणा कधी?" दुसरी कुणी असती तर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसली असती. सिस्टर म्हणाली, "मावशी, सध्या गोळ्या चालू आहेत. एचआयव्ही होऊ नये म्हणून घेतात त्या. तीन महिने सांभाळायचं आहे, मग बघू." वाणाची वाटी हातात घेऊन मावशी तशाच बसून राहिल्या.

पुढे व्हायचं तेच झालं. चार घरं ओलांडेपर्यंत "होऊ नये म्हणून" एवढे शब्द गळून गेले आणि नर्सला एड्स झाला एवढंच उरलं. रथसप्तमीला आमच्याच गल्लीतल्या एका घरी आम्ही दोघी हळदीकुंकवाला गेलो. सिस्टर कुंकू लावायला पुढे झाली, तशी एक बाई मागे सरकली. पाठोपाठ दुसरी सरकली. माझ्या डोक्यात सणक गेली. या बायकांची पोरं माझ्या वर्गात होती. त्यांना चार शब्द सुनवायचे म्हणून मी तोंड उघडलं, तोवर सिस्टर बोलूनही गेली होती.

"काकू, मला झालेलं नाही. होऊ नये म्हणून औषध घेते आहे. आणि झालं असतं तरी माझ्या कुंकवानं तुम्हाला झालं नसतं. घाबरू नका. पण लावून घ्यायचं नसेल तर नका लावून घेऊ, मी रागावणार नाही."

मग त्या घरच्या म्हाताऱ्या आजींनी आपलं कपाळ पुढे केलं. पाठोपाठ बाकीच्यांनीही. मागे सरकलेली पहिली बाई सगळ्यांत शेवटी आली, पण आली. मी मनात तयार केलेलं भाषण तसंच घरी घेऊन आले. फार चांगलं होतं ते.

शेजारच्या शमीमभाभी, शिंपीकाम करणाऱ्या चाचांच्या घरच्या, त्या दिवसापासून रोज सकाळी भिंतीवरून आल्याच्या रसाची वाटी पुढे करायच्या. "सिस्टर को देना, उलटी थमती है." भिंतीपाशी मी असायचे, हात पुढे करायचे मी, वाटी मात्र सिस्टरची. एकदा त्यातला एक घोट मीच घेतला. चांगला होता.

त्या वर्षी उन्हं लवकर तापायला लागली तशा आम्ही गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला घेतल्या. त्या दुपारी आम्ही दोघीच होतो. मी ओल्या धोतरावर बिबड्या थापत होते, ती वाळलेल्या सोडवत होती. मधेच तिचे हात थांबले. म्हणाली, "ताई, सगळ्यांना सांगते काही होत नाही, काही होत नाही. पण सकाळी मळमळलं की वाटतं, हे गोळीचंच आहे की आत दुसरं काही सुरू झालंय? आज गोळी नकोशी झाली आहे. असं वाटतं सोडून द्यावी. जे व्हायचं ते होईल."

हे ती इतकं हळू बोलली की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. तिच्या बोटांना पीठ लागलं होतं आणि त्या पिठाच्या बोटांनीच तिनं डोळे पुसले. मला बरं बोलता येत नाही. मी म्हणाले, "सोडायची नाही. तू लोकांना काय सांगत असतेस? महिना पुरा करायचा. खाली जाऊन तोंड धू, मी वरण-भात टाकते. मऊ काहीतरी खा आणि वेळ झाली की गोळी घे. मी समोर बसते."

ती हसली आणि खाली गेली. त्या रात्री तांब्या भाऊजींनी आणला, पण समोर मीही बसले होते. मला फार बरं वाटत होतं. एवढ्या सगळ्या माणसांत तिनं ही भीती मला सांगितली, अक्कांना नाही, भाऊजींना नाही. दोन दिवस मी त्या आनंदात होते. तिसऱ्या दिवशी अक्का भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सिस्टर घाबरी गयी व्हती, माले सांगे. मी म्हनलं, मी शे ना." भाऊजींनाही तिनं सांगितलं होतं, शमीमभाभींनाही. मग मला उमगलं. तिच्याजवळ कुणा एकासाठी असं काही नसायचंच. ती भीतीसुद्धा सगळ्यांना वाटून टाकायची, प्रसादासारखी.

गोळ्या संपल्या. पहिली तपासणी झाली, काही निघालं नाही. शेवटच्या तपासणीच्या दिवशी भाऊजी कामावर गेलेच नाहीत. दुपारी दोघं परत आले. सिस्टर फाटकातूनच ओरडली, "निगेटिव्ह!" आणि सगळ्या गल्लीला कळलं. अक्कांनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी शिरा केला. खोटं कशाला सांगू, तूप मी हात सैल सोडूनच घातलं होतं. घास घेऊन ती म्हणाली, "ताई, असा शिरा तुम्ही यापूर्वी कधी केला नव्हता." ते खरंच होतं.

त्यानंतर आमच्या ओट्यावर वेगळीच माणसं यायला लागली. पूर्वी गुडघेवाली, पित्तवाली यायची. आता कधी कधी एखादा तरुण यायचा, उगाच मोबाइल बघत उभा राहायचा आणि सिस्टर बाहेर आली की म्हणायचा, "सिस्टर, माझ्या एका मित्राचं विचारायचं होतं." सिस्टर विचारायची, "मित्राला किती दिवस झाले?" पोरगा खाली मान घालून म्हणायचा, "काल." "मग मित्राला घेऊन आत्ताच जळगावला जा. सरकारी दवाखान्यात ही गोळी मिळते. उद्यावर टाकू नकोस. तिथे कुणी काही बोललं तर मला फोन कर." एक तर माझाच जुना विद्यार्थी होता. लग्न ठरलं होतं त्याचं. मी दार उघडलं तर मला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि "मॅडम, वाट चुकलो" म्हणाला. ज्या घरात चौथीपासून शिकवणीला येत होता त्या घराची वाट तो चुकला होता. सिस्टरचा आवाज ऐकला तेव्हा कुठे थांबला.

मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, अडचण आली तर माझ्याकडे या. कोणी आलं नाही. निबंधाच्या अडचणी आल्या, मार्कांच्या आल्या. हिनं कुणाला या म्हटलं नाही. स्वतःवर आलेलं तेवढं सांगून टाकलं. एकदा मी तिला विचारलंही, "तुला काय येतं गं, की सगळे तुझ्याकडेच येतात?" ती म्हणाली, "मी आधी सांगते, मग रडते. लोकांना वाटतं, ही सांगते तर आपणही सांगावं. बाकी काही नाही, ताई." आणि अगदी भाबडेपणानं पुढे म्हणाली, "तुम्हीही सांगून बघा ना." मला सांगण्यासारखं होतं ते एकच आणि ते तिच्याबद्दलच होतं. ते काही मी तिला सांगितलं नाही.

पुढे तिला मुलगी झाली. गोरी, मोठ्या आवाजाची, आईवर गेलेली. मग धुळ्याला तिला चांगली जागा मिळाली आणि भाऊजींनाही सोनगीरकडच्या एका जिनिंगमध्ये काम मिळालं. जायचं ठरलं. अक्का इथेच राहतील असं मी धरून चालले होते. त्यांची खोली मी झाडून घेतली, खाटेवर नवी गोधडी घातली. जायच्या आदल्या दिवशी अक्कांनी आपली ट्रंक बाहेर काढली. म्हणाल्या, "पोर ल्हान शे. तिनी ड्युटी राहस. माले जानं पडी." मग माझ्या तोंडाकडे पाहून शुद्ध मराठीत म्हणाल्या, "तुला काय, तू खंबीर आहेस." मी खंबीर आहे असं तेव्हापासून मी कुणाला म्हणू देत नाही.

टेम्पो निघाला तेव्हा गल्ली भरली होती. शमीमभाभी रडत होत्या, कुंकवाला मागे सरकलेल्या त्या काकू रडत होत्या. सिस्टर सगळ्यांच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडली. माझ्याजवळ आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही समोर बसला होतात म्हणून महिना पुरा झाला." मी म्हटलं, "चल, ऊन वाढतंय." टेम्पो हायवेला लागल्यावर मी घरात आले. घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेतून येऊन मी पाय धूत होते, तेव्हा फाटकाशी एक मुलगी दिसली. माझ्याच हाताखालून गेलेली, आता कॉलेजला जाते. ती कोण, हे मी इथे लिहिणार नाही. तिनं विचारलं, "सिस्टर आहेत का?" मी म्हणाले, "त्या आता धुळ्याला असतात." ती "बरं" म्हणाली आणि वळली. वळताना तिनं फाटकाचा गज धरला तो सोडेचना.

मी म्हणाले, "आत ये."

"काही नाही मॅडम, सहज आले होते."

"सहज कुणी सिस्टरकडे येत नाही. मला सगळं सांगू नकोस. कधी झालं एवढंच सांग."

तिनं गज सोडला. मग म्हणाली, "परवा." आणि तिला रडू फुटलं. ती एका मुलाबरोबर तिच्या मर्जीनं गेली होती, कुणी जबरदस्ती केली नव्हती, एवढं मी विचारून घेतलं. त्या मुलाला हा आजार आहे हे तिला आज कळलं होतं, तेही दुसऱ्या कुणाकडून. मी ओलेच पाय चपलेत घातले. ह्यांना म्हणाले, "तुमचं तुम्ही वाढून घ्या." आणि रिक्षा करून आम्ही जळगाव गाठलं.

सरकारी दवाखान्यात बाकावर ती मला टेकून बसली होती. आतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही आई का?" मी म्हणाले, "नाही, हिची मॅडम." त्यांनी नीट समजावून सांगितलं, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. पहिली गोळी तिनं माझ्या बाटलीतल्या पाण्यानं घेतली. त्यानंतर महिनाभर रोज रात्री तिचा मेसेज यायचा, "घेतली." तो येईपर्यंत मी जेवायला बसत नसे. ह्यांनी एकदा विचारलं, "कुणाच्या मेसेजची वाट बघतेस?" मी म्हटलं, "शाळेचं आहे."

तीन महिन्यांनी ती आली. काही निघालं नव्हतं. माझ्या कमरेला मिठी मारून कितीतरी वेळ उभी राहिली. कुणी विद्यार्थिनी मला अशी बिलगल्याचं मला आठवत नाही. निघताना डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, सिस्टरांनाही कळवा हं."

सिस्टरचा फोन दर रविवारी येतो. मागे अक्कांचा आवाज असतो, पोरीचा गलका असतो. सिस्टर विचारते, "ताई, काय विशेष?" मी तिला शाळेचं सांगते, शमीमभाभींच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगते, वांगी कशी आली ते सांगते. ती पुन्हा विचारते, "आणि?"

"आणि काही नाही," मी म्हणते.

साऱ्या गावानं आपापलं तिला सांगितलं. ही एक पोर माझ्याकडे आली होती. ती मी सिस्टरला देणार नाही.